झाडावर नोटीस लागते तेव्हा

जांभळाच्या खोडाला सुतळीनं बांधलेला एक कागद, भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. आमच्या जुन्या सोसायटीच्या आवारात तो दिसला तेव्हा निम्म्या रहिवाशांना वाटलं, पाणीकपातीची सूचना असेल. ती झाडं तोडण्याची नोटीस होती. इमारत पुनर्विकासाला निघाली होती. आवारातली नऊ झाडं 'बाधित' आहेत असं नोटिशीत लिहिलं होतं आणि हरकती घ्यायला सात दिवस दिले होते. मी तो मजकूर फोनमध्ये टिपून घेतला आणि आवारात फिरून झाडं मोजली. चौदा भरली. मागच्या भिंतीलगतचे दोन आंबे, एक फणस, एक बकुळ आणि पाण्याच्या टाकीमागचा कडुनिंब यादीत नव्हतेच. पाहणी करणाऱ्या खाजगी सर्व्हेअरनं मागच्या बाजूला पाऊलच टाकलं नव्हतं. यादीत नसलेलं झाड उद्या नाहीसं झालं, तर ते होतं हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते.

आम्ही लेखी हरकत दिली. पुन्हा पाहणी झाली, यादी दुरुस्त झाली. दोन्ही आंबे आणि बकुळ वाचले, कारण ते सामासिक अंतराच्या मोकळ्या पट्टीत होते आणि बांधकामाच्या आड येतच नव्हते. जांभूळ मात्र गेलं. त्या आठवड्यात एक गोष्ट मला पक्की कळली. आपल्याकडे कायदे कमी नाहीत, पण ते झाड उभं असेपर्यंत जेवढं वाचवू शकतात तेवढंच. झाड आडवं झाल्यावर उरतो तो दंड आणि रोपांचा हिशेब. म्हणून काय बघायचं, कुठे बघायचं आणि कधी बघायचं, हे ज्यांना घर घ्यायचं आहे, सोसायटी पुनर्विकासाला द्यायची आहे किंवा वडिलोपार्जित जमीन विकसकाला द्यायची आहे, त्यांच्यासाठी इथे मांडते आहे.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही शहरं डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या पट्ट्यात वाढली. ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचं रान, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची आपल्याकडची बाजू. खाडीपलीकडे पारसिक आणि मुंब्र्याचे डोंगर. कल्याणच्या पुढे मलंगगडाची रांग. आणि ठाणे खाडी, उल्हास खाडी यांच्या काठानं कांदळवनं. इथे कुठल्याही भूखंडाबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. ही जमीन कागदावर वन आहे का? आणि नसेल, तर तिच्यावरच्या झाडांचं काय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर महसूल आणि वन खात्याकडे असतं, दुसऱ्याचं महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे. लोक हे दोन प्रश्न एकत्र करतात, चुकीच्या खिडकीवर रांग लावतात आणि दिवस वाया जातात.

आधी जमिनीचा कागद

सातबारा उतारा महाभूलेखच्या संकेतस्थळावर मिळतो. शहराच्या नगर भूमापन झालेल्या भागात त्याऐवजी मालमत्ता पत्रक असतं. सातबाऱ्यावर बहुतेक जण मालकाचं नाव आणि क्षेत्र बघून थांबतात. तुम्ही 'इतर अधिकार' हा रकाना वाचा. तिथे राखीव वन, संरक्षित वन, खाजगी वन असे शब्द किंवा वन खात्याच्या कुठल्या नोटिशीचा उल्लेख दिसला, तर विसार देण्याआधी थांबा. त्या नोंदीशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. तो फेरफार काढा, मग त्याच्या आधीचा काढा. तलाठी कार्यालयात जुने फेरफार मागायला संकोच करू नका. पन्नास वर्षं मागे जावं लागलं तरी जा.

पन्नास वर्षं सांगते त्याला कारण आहे. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम 30 ऑगस्ट 1975 रोजी लागू झाला आणि त्या दिवशी व्याख्येत बसणारी खाजगी वनं सरकारकडे निहित झाली. पण मुंबई-ठाणे परिसरातल्या कितीतरी जमिनींच्या सातबाऱ्यावर ही नोंद त्यानंतर अनेक वर्षांनी चढली. तोवर तिथे इमारती उभ्या राहून माणसं राहायलाही आली होती. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि गोदरेज अँड बॉईस प्रकरणात 30 जानेवारी 2014 रोजी निकाल लागला. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाखाली पन्नासच्या दशकात काढलेली नोटीस नुसती निघाली आणि पुढे काहीच झालं नाही, तर तेवढ्यावरून जमीन खाजगी वन ठरत नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

या निकालाचा आधार घेऊन जमीन विकणारे आज सर्रास सांगतात, "सुप्रीम कोर्टानं सगळं मोकळं केलंय." सगळं मोकळं केलेलं नाही. नोटीस मालकाला बजावली होती का, चौकशी झाली होती का, अंतिम अधिसूचना निघाली होती का, हे त्या त्या सर्व्हे नंबरच्या कागदांवरच ठरतं. शेजारच्या सर्व्हे नंबरचा निकाल तुमच्या जमिनीला आपोआप लागू होत नाही. म्हणून सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर घालून वन विभागाला लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. तोंडी "काही नाही हो तिथे" यावर कुणी पैसे गुंतवू नयेत.

सातबाऱ्यावर नोंद नाही म्हणून जमीन वन नाही, असंही समजू नका. 1980 च्या वन संवर्धन कायद्यानुसार वनजमीन वनेतर कामाला वापरायची तर केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. गोदावर्मन प्रकरणात 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयानं 'वन' या शब्दाचा शब्दकोशातला अर्थ धरायला सांगितलं, मालकी कोणाचीही असो. 2023 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन त्याचं नावही बदललं आणि व्याख्या अरुंद झाली. मात्र फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन राज्यांना 1996 चाच अर्थ पाळायला सांगितलं. त्यामुळे "जमीन खाजगी आहे, वनकायदा लागत नाही" हे वाक्य कुणी तुमच्या तोंडावर टाकलं तर ते पुरेसं उत्तर नाही.

येऊर, मानपाडा या बाजूला किंवा मलंगगडाच्या पायथ्याशी स्वस्तात 'फार्महाऊस प्लॉट' मिळतो असं कळलं तर आणखी दोन गोष्टी तपासा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही. आणि 2006 च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला वनपट्टा वारसानं पुढच्या पिढीकडे जातो, पण विकता येत नाही. पाड्यावरच्या माणसाकडून शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर घेतलेली अशी जमीन तुमची होत नाही. त्या माणसाची मात्र हक्काची जमीन हातची जाते, आणि हे मला कायद्याच्या उल्लंघनापेक्षाही जास्त टोचतं.

उतार, उद्यानाची हद्द आणि खाडी

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दोन्ही महापालिकांना डिसेंबर 2020 पासून राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. आर्किटेक्ट तिला यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यानुसार 1:5 पेक्षा जास्त उतार असलेली डोंगराळ जागा बांधकामाला योग्य धरली जात नाही. पाच फूट आडवं चाललं की एक फूट वर चढायचं, म्हणजे साधारण 11 अंशांचा चढ. हा फार उभा चढ नाही. धाप न लागता माणूस चढतो, म्हणून लोकांना तो डोंगरउतार वाटतच नाही. गवंड्याची पाण्याची नळी आणि दोन काठ्या घेऊन हा उतार कोणालाही मोजता येतो.

अडचण वेगळीच आहे. परवानगीसाठी नकाशा जायच्या आधीच टेकडी पोखरली जाते. आज चार डंपर मुरूम, उद्या दहा. वर्षभरात उतार सपाट होतो आणि मग मोजणीत जागा समतल येते. म्हणून विकसकाकडे जुना समपातळी रेषांचा नकाशा मागा, आणि उपग्रहाच्या जुन्या छायाचित्रांत तीच जागा दहा-पंधरा वर्षांपूर्वी कशी होती ते बघा. गूगल अर्थवर वर्ष मागे नेता येतं. तिथे हिरवी टेकडी आणि आज लाल मातीचं पठार दिसलं, तर उत्खननाची परवानगी कोणी दिली आणि किती ब्रासची दिली, हे तहसील कार्यालयात विचारा.

राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या पट्ट्यासाठी डिसेंबर 2016 मध्ये पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना निघाली. त्याची रुंदी सगळीकडे सारखी नाही, कुठे 100 मीटर तर कुठे 4 किलोमीटरपर्यंत. घोडबंदर रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला घर घेत असाल तर तुमचा सर्व्हे नंबर या पट्ट्यात आहे का, हे विचारा. पट्ट्यात घर बांधायला सरसकट बंदी नाही. पण नवी हॉटेलं-रिसॉर्ट, खाणकाम आणि झाडतोड यांवर जास्त कडक बंधनं आहेत. तक्रार करायची झाली, तर येऊरचं रान राष्ट्रीय उद्यानाच्या येऊर वनपरिक्षेत्राकडे आहे. कल्याणकडची वनजमीन ठाणे वन विभागाच्या कल्याण वनपरिक्षेत्राकडे.

खाडीचा नियम सांगायला सोपा आहे. मुंबई उच्च न्यायालयानं 6 ऑक्टोबर 2005 रोजी अंतरिम आदेश दिला आणि 17 सप्टेंबर 2018 रोजी अंतिम निकाल. कांदळवन, मग ते सरकारी जमिनीवर असो की खाजगी, तोडता येत नाही, त्यावर राडारोडा टाकता येत नाही आणि त्याच्या भोवती 50 मीटरच्या आत बांधकाम करता येत नाही. कोलशेत, बाळकुम, दिवा, डोंबिवली पश्चिमेचा मोठागाव आणि रेतीबंदर या भागांत भरावाच्या गाड्या रात्री येतात. भरती-ओहोटीचं पाणी अडवलं की कांदळवन कुऱ्हाड न लावताही सहा-आठ महिन्यांत करपतं. म्हणून खाडीकाठी भरावाचा बांध दिसला तर झाडं सुकायची वाट बघू नका, बांधाचीच तक्रार करा.

शहरातलं झाड

जमीन वन नाही हे नक्की झालं की पुढचा कायदा लागतो तो महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975. या कायद्यात झाड 'तोडणे' याचा अर्थ फार रुंद आहे. जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं त्यात येतं. बुंध्याची साल काढणं, मुळांवर जेसीबी चालवणं, बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतणं हे सगळं परवानगीविना झालं तर तोडणंच. झाड तुमच्या मालकीच्या जागेत असलं तरी परवानगी लागते. ती वृक्ष प्राधिकरण देतं, आणि देण्याआधी वर्तमानपत्रात आणि प्रत्यक्ष झाडावर नोटीस लावावी लागते.

शहराबाहेरच्या गावांत, जिथे नागरी क्षेत्राचा कायदा नाही, तिथे 1964 चा झाडतोड विनियमन कायदा लागतो. त्याच्या अनुसूचीत सोळा जाती आहेत: साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन आणि कांदळवन. कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांची 27 गावं 2015 मध्ये पुन्हा महापालिकेत आली. तिथल्या जुन्या लोकांच्या तोंडी अजून "फॉरेस्टवाल्यांची परवानगी काढा" असतं. गाव कधी महापालिकेत आलं आणि आज कोणाच्या हद्दीत आहे, हे आधी पक्कं करा, म्हणजे अर्ज योग्य टेबलावर जाईल.

2021 च्या दुरुस्तीनं 1975 च्या नागरी क्षेत्राच्या कायद्यात दोन मोठ्या गोष्टी आणल्या. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं. आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी रोपं लावावी लागतात. सत्तर वर्षांचा आंबा तोडायचा तर सत्तर रोपं. ऐकायला छान वाटतं, पण त्यामुळे झाडाचं वय हीच आता वादाची जागा झाली आहे. वय कमी लिहिलं की रोपं कमी आणि वारसा वृक्षाचा प्रश्नही मिटतो. आमच्या जांभळाचं वय यादीत 20 वर्षं लिहिलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी 1981 सालचा एक फोटो आणून दाखवला. बारशाचा फोटो, पाळणा पुढे आणि मागे खिडकीतून तेच जांभूळ, पहिल्या मजल्याच्या उंचीचं. तो फोटो हरकतीला जोडला आणि वय 42 झालं. तुमच्याकडेही असे फोटो असतील. लग्नाचे, गणपतीचे, गच्चीवरच्या वाळवणाचे. झाडाच्या वयाचा याहून चांगला पुरावा सामान्य माणसाकडे नसतो.

मोजणी नोटीस लागायच्या आधीच करून ठेवा, पुनर्विकासाचा विषय पहिल्यांदा सभेत येतो तेव्हाच. दोन माणसं आणि शिंप्याची टेप पुरते. प्रत्येक झाडाला क्रमांक द्या, जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर मोजा, मराठी नाव लिहा, भिंतीपासूनचं अंतर लिहा आणि दोन फोटो काढा, एक पूर्ण झाडाचा आणि एक टेप गुंडाळलेल्या खोडाचा. नाव माहीत नसेल तर पान आणि फळ फोटोत घ्या, शाळेतले जीवशास्त्राचे सर सांगतील. मोजणीची यादी सोसायटीच्या सभेच्या इतिवृत्ताला जोडा. त्यामुळे तिला तारीख मिळते, आणि तारीख असलेल्या कागदाला वजन असतं.

हरकत कशी लिहावी

हरकतीत भावना लिहायची नाही असं मी म्हणणार नाही. ज्या झाडाखाली आपण मोठे झालो त्याबद्दल एक ओळ लिहिली तर काही बिघडत नाही. पण अधिकाऱ्याला निर्णय घ्यायला लागतात ती मापं. मजकूर साधारण असा असावा:

"आपण दिनांक … रोजी प्रसिद्ध केलेल्या नोटिशीनुसार सर्व्हे क्रमांक … या भूखंडावरील 9 झाडे तोडण्याचा प्रस्ताव आहे. प्रत्यक्ष जागेवर 14 झाडे असून त्यांची यादी, घेर व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. यादीतील क्रमांक 3, 6 व 11 ही झाडे सामासिक अंतरात येत असून बांधकामास अडथळा करीत नाहीत. क्रमांक 7 या झाडाचे वय कमी नोंदविले असल्याचा पुरावा जोडला आहे. तरी संयुक्त पाहणी करावी, आम्हांस पाहणीची तारीख कळवावी व तोवर परवानगी देऊ नये, ही विनंती."

यातली सगळ्यात कामाची मागणी संयुक्त पाहणीची आहे. अधिकारी, विकसकाचा माणूस आणि रहिवासी एकाच वेळी झाडापाशी उभे राहिले की निम्मे वाद तिथेच मिटतात. हरकत आवक विभागात द्या, पोच घ्या, ईमेलही करा. मुदत नोटिशीवर वाचा. साधारण सात दिवसांची असते आणि त्यात शनिवार-रविवार निघून जातात. माहिती अधिकाराचा अर्ज इथे उपयोगी पडत नाही, कारण उत्तराला 30 दिवस लागतात. तो नंतरसाठी ठेवा: मंजुरीची प्रत, अटी, अनामत रक्कम, रोपं कुठे लावली, यासाठी. आणि "झाड तोडू नका" असं नुसतं म्हणण्यापेक्षा "हा जिना दोन मीटर सरकवला तर झाड वाचतं" असं नकाशावर दाखवणारी हरकत जास्त पुढे जाते. ओळखीतल्या एखाद्या तरुण आर्किटेक्टला तासभर बसवा. बहुतेक जण आनंदानं बसतात.

मोठा प्रकल्प असेल, म्हणजे बांधकाम क्षेत्र 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त, तर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरीही लागते. ती मंजुरी आणि तिच्या अटी 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर पाहता येतात. अशा मंजुऱ्यांत साधारणपणे दर 80 चौरस मीटर भूखंडामागे एक झाड अशी अट असते. चार हजार चौरस मीटरच्या भूखंडावर पन्नास झाडं झाली. आता जागेचा हिशेब करा. 4,000 चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडाला 10 टक्के मोकळी जागा ठेवावी लागते, म्हणजे 400 चौरस मीटर. खाली दोन मजली पार्किंग खणलं असेल तर ही पन्नास झाडं पोडियमवरच्या दोन-तीन फूट मातीत लागतात, आणि तिथे वड-आंबा कधीच उभा राहत नाही, चाफा आणि शोभेची ताडं उभी राहतात. म्हणून विक्री कार्यालयात रंगीत माहितीपत्रकातली हिरवळ बघण्यापेक्षा एकच प्रश्न विचारा: खाली तळघर नसलेली, खऱ्या जमिनीला लागलेली माती किती चौरस मीटर आहे? जुनी झाडं तिथेच वाचतात.

करारात काय मागावं

पुनर्विकासाच्या करारात जिने, लिफ्ट, टाइल्स, कॉर्पस फंड यांवर पानंच्या पानं असतात. झाडांवर एक ओळ असते: "आवश्यक परवानग्या विकसक घेईल." तिथे अडून बसा. राखायच्या झाडांचा नकाशा कराराचं परिशिष्ट म्हणून जोडून घ्या. बांधकाम सुरू असताना त्या झाडांभोवती पत्र्याचं कुंपण, बुंध्यापासून किमान एक मीटर माती मोकळी, मुळांवर लोखंड-सिमेंटचा ढीग नाही, आणि एखादं झाड मेलं तर सोसायटीला किती रक्कम मिळणार, हे लिहून घ्या. ही रक्कम आकड्यात असली की मुकादमालाही झाडाची किंमत कळते.

कागद दाखवले म्हणजे कागद खरे, असं धरून चालू नका. डोंबिवलीत बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या 65 इमारतींचं प्रकरण सगळ्यांनी वाचलं आहे. त्यात घरं घेतलेल्या कुटुंबांचे हाल बघवत नाहीत. झाडांच्या परवानगीलाही तोच न्याय लावा. विकसकानं दिलेली झेरॉक्स घेऊन महापालिकेच्या उद्यान विभागात जा आणि जावक क्रमांक जुळवून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

गुपचूप मारलेली झाडं

काही झाडं नोटीस न लागताच मरतात. बुंध्याभोवती हातभर रुंदीची साल गोल सोललेली दिसली, खोडात गिरमिटानं पाडलेली भोकं दिसली, पावसाळ्याच्या ऐन भरात एकच झाड पिवळं पडलं, बुंध्याशी रोज कचरा पेटवला जाऊ लागला किंवा 'छाटणी' म्हणून परवानगी घेऊन फांद्यांऐवजी शेंडाच उडवला, तर त्याच दिवशी हालचाल करा. फोटो काढा, वृक्ष अधिकाऱ्याला लेखी कळवा, पंचनामा मागा. तोडणी चालू असेल तर पोलिसांना 112 वर आणि वनजमीन असेल तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. परवानगीचा कागद दाखवा एवढंच शांतपणे म्हणा. करवत चालवणारा मजूर रोजंदारीवर आलेला असतो, त्याच्याशी भांडून काही मिळत नाही. गाडीचा क्रमांक आणि वेळ टिपून ठेवा.

टेकड्यांवर हेच काम वणवा करतो. डोंबिवलीजवळच्या उंबार्लीच्या टेकडीवर झाडं लावून जगवणाऱ्या तरुणांना हे चांगलं माहीत आहे. फेब्रुवारीपासून गवत वाळतं आणि एका काडीत तीन वर्षांची रोपं जातात. दिवाळीनंतर गवत कापून जाळपट्टा काढून ठेवणं, हे रोपं लावण्याइतकंच मोठं काम आहे आणि त्याला माणसं कमी पडतात. जवळ राहत असाल तर एक रविवार तिकडे द्या.

पर्यावरणाचा वाद घेऊन राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय खंडपीठाकडे जाता येतं. तिथे वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे, आणि ती मुदत पत्रव्यवहारात संपवून बसणारी माणसं मी पाहिली आहेत. तक्रारीचं उत्तर आलं नाही म्हणून दुसरं स्मरणपत्र लिहिण्याआधी कॅलेंडर बघा.

बदल्यात लावलेली झाडं

'पुनर्रोपण करू' हे आश्वासन ऐकलं की झाडाची जात विचारा. वड, पिंपळ, उंबर या कुळातली झाडं आणि नारळ-ताड नीट काढून लावली तर बऱ्यापैकी जगतात. जुना आंबा, जांभूळ, फणस क्वचितच. चाळीस वर्षांचं जांभूळ मुळं छाटून क्रेननं उचललं की ते हिरवं दिसतं तेवढे दिवस फक्त खोडातल्या ओलाव्यावर असतं. अशा झाडासाठी पुनर्रोपणाची अट मान्य करण्यापेक्षा ते जागेवर कसं राहील यासाठी भांडावं, हे माझं मत आहे.

रोपं लावायची जागा बहुतेक वेळा शहराच्या कडेला असते. आंबिवलीच्या टेकडीवर रस्त्यासाठी गेलेल्या झाडांच्या बदल्यात जैवविविधता उद्यान उभं राहिलं, ते बघून या. बदल्यातली लागवड नीट केली आणि राखली तर काय होऊ शकतं ते तिथे दिसतं. तुमच्या प्रकरणात मंजुरीच्या पत्रावरून तीन गोष्टी काढा: किती रोपं, कुठल्या सर्व्हे नंबरमध्ये, आणि देखभाल किती वर्षं. 2021 च्या दुरुस्तीनंतर रोपांची जिओ-टॅगिंग आणि सात वर्षांची देखभाल अपेक्षित आहे. आंबा-जांभूळ तोडून सुबाभूळ लावलेलं दिसलं तर हरकत घ्या.

आणि जागेवर जा. पावसाळ्यात जाऊन उपयोग नाही, तेव्हा सगळं हिरवंच असतं. पहिल्या उन्हाळ्यात, मे महिन्यात जा. आमच्या जांभळाच्या बदल्यातली 42 रोपं बघायला आम्ही चौघं गेलो तेव्हा 27 जिवंत होती. बाकीच्या खड्ड्यांत वाळक्या काड्या होत्या आणि दोन ठिकाणी नुसतीच नावाची पाटी. कंत्राटदाराचा टँकर मार्चनंतर आलाच नव्हता. प्रत्येक खड्ड्याचा फोटो काढून, क्रमांक घालून पत्र दिलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पंधरा नांग्या भरल्या गेल्या. त्यातली सहा जांभळं आहेत. आता पुढच्या मे महिन्यात पुन्हा जायचं ठरलंय, आणि या वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनाही यायचंय.